जुन्या फोर-बाय-फोर पिकअपचा गिअरबॉक्स बदलताना

जुन्या फोर-बाय-फोर पिकअपचा गिअरबॉक्स निकामी झाला की दोष बहुतेक वेळा एकट्या बॉक्सचा नसतो. बॉक्सला जोडून ट्रान्सफर केस, तिथून पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे जाणारे दोन प्रोपेलर शाफ्ट आणि शेवटी चार टायर अशी ही साखळी असते. तिच्यातला दोष तसाच ठेवून नुसता बॉक्स बदलला, तर पदरचे पैसे घालून आणलेला बॉक्सही त्याच वाटेने जातो.

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात या गाड्यांची परीक्षा पावसाळ्यात होते. चिकूचे क्रेट भरलेली बोलेरो कॅम्पर वाडीच्या चिखलातून फोर-व्हीलवर निघते आणि पुढे चारोटी-आच्छाड महामार्गावरही लिव्हर तसाच राहतो. या गाड्यांच्या दोन ॲक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल नसतो. चिखलात टायर घसरतात, म्हणून ताण सुटतो. कोरड्या रस्त्यावर वळताना पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि तो फरक शाफ्ट व गिअरच्या दातांवर येतो. लिव्हर टू-व्हीलवर येईना, वळताना गाडी अडखळू लागली, की हा ताण साठला आहे असे समजावे. गाडी थोडी रिव्हर्स घेतली की तो बहुधा सुटतो.

आशागडच्या बाजूला चालणाऱ्या एका जुन्या कॅम्परचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. बॉक्स बदलला, पण एक पावसाळा सरण्याआधीच ट्रान्सफरमधून घरघर सुरू झाली आणि बदललेल्या बॉक्सचे मागचे बेअरिंगही गेले. कारण निघाले भलतेच. आधीच्या मालकाने कधीतरी मागचा ॲक्सल टू-व्हील पिकअपचा बसवला होता आणि त्याच्या क्राउन-पिनियनचा रेशो पुढच्या ॲक्सलशी जुळत नव्हता. ही तपासणी कुठल्याही गॅरेजात होते. गाडी स्टँडवर घेऊन गिअर न्यूट्रलला ठेवावा, मागची दोन्ही चाके बरोबरीने एक पूर्ण फेरा फिरवावीत आणि शाफ्ट किती फेरे घेतो ते खडूच्या खुणेवरून मोजावे. मग पुढे हब लॉक करून तेच करावे. दोन्हीकडचे फेरे तंतोतंत सारखे यायला हवेत. चारही टायर एका मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले असावेत, हेही त्याच हिशेबात येते.

बॉक्स खाली उतरवण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे ठरवावे. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल आणि आवाज येतो. क्लच दाबला की थांबतो: मग संशय बॉक्सच्या इनपुट बेअरिंगवर जातो. क्लच दाबल्यावरच आवाज आला तर ते काम रिलीज बेअरिंगचे, बॉक्स बदलायची गरज नाही. ऑइल काढून पाहावे. ड्रेन प्लगच्या चुंबकावरचा बारीक करडा लेप नेहमीचा असतो. पोलादाचे तुकडे किंवा पितळी कण दिसले तर दात किंवा सिंक्रो रिंग गेली. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले, तर ओढ्यातून जाताना ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी शिरले आहे. काढलेले ऑइल वाडीत किंवा नाल्यात ओतू नये. डहाणू तालुका १९९१ पासून केंद्राच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आहे. अधिसूचना नसती तरी इथल्या विहिरींसाठी एवढी काळजी घ्यायलाच हवी.

दुसरा बॉक्स बहुधा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून येतो. तिथे ‘बोलेरोचा बॉक्स’ एवढेच सांगून भागत नाही. टू-व्हील गाडीच्या बॉक्सला मागे लांब शेपटी असते. फोर-व्हीलच्या बॉक्सचा मागचा शाफ्ट आणि हाउसिंग ट्रान्सफर केस बसेल असे वेगळे असते. म्हणून जुना बॉक्स उतरवून सोबत न्यावा आणि शेजारी शेजारी ठेवून इनपुट शाफ्टचे दात, बेल हाउसिंगची भोके, स्पीडोमीटरच्या केबलची जागा आणि माउंटिंग जुळवावे. शाफ्ट हाताने फिरवून प्रत्येक गिअर पडतो का पाहावे. आरसी बुकावर इंजिन आणि चेसिसचे क्रमांक असतात, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे पक्के बिल हाच त्या मालाचा पुरावा.

बॉक्स खाली आला की क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचे मागचे सील एकदाच पाहून घ्यावे. त्या सीलची किंमत किरकोळ असते, पण ते राहिले तर महिन्याभराने सगळी उतरवाउतरव पुन्हा. क्लच प्लेट डमी शाफ्टने मध्यावर धरूनच प्रेशर प्लेट आवळावी.

चढवताना सर्वात जास्त नुकसान घाईने होते. बॉक्स जॅकवर इंजिनच्या रेषेत, सारख्या पातळीत धरावा आणि दोन लांब स्टडवरून सरकवावा. इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमध्ये शिरला, पण जॅक खाली घसरला, तर सगळे वजन प्लेटच्या हबवर लोंबकळते आणि ती वाकते. मग क्लच सुटत नाही आणि दोष बॉक्सवर येतो. शेवटचे दोन बोटे अंतर बोल्ट आवळून ओढले तर बेल हाउसिंगचा कान तडकतो. हलकेच शाफ्ट फिरवला की बॉक्स आपसूक बसतो.

ऑटोमॅटिक पिकअप या भागात विरळाच. भारतात इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१९ मध्ये ऑटोमॅटिकमध्ये आली. तिथे क्लच प्लेटच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि धोका तोच, किंमत मात्र कितीतरी मोठी. कन्व्हर्टर पंपाच्या खाचांत पुरता बसला नसताना बोल्ट आवळले, तर ऑइल पंप फुटतो. म्हणून बेल हाउसिंगच्या कडेपासून कन्व्हर्टरची खोली मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडावी. जुन्या बॉक्समधला कचरा कूलरच्या नळ्यांत अडकलेला असतो. त्या धुतल्या नाहीत तर तो नव्या बॉक्समध्ये जातो. कंट्रोल युनिटही त्याच बॉक्सचे हवे.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलेच घालावे. ॲक्सलसाठीचे जीएल-५ ऑइल पितळी सिंक्रो असलेल्या बॉक्समध्ये कंपनीने सांगितल्याशिवाय घालू नये, आणि काही ट्रान्सफर केसना एटीएफ लागते. पहिल्या फेऱ्या रिकाम्या गाडीने, टू-व्हीलवर कराव्यात. मग ओल्या मातीवर फोर-व्हील टाकून पाहावे, सीलजवळ ओल दिसते का ते बघावे आणि माउंटिंगचे व शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळूनच चिकूचे क्रेट चढवावेत.