एकही प्रश्न कोरा सोडू नकोस

काल रात्री तू अर्ध्या ताटावरून उठलीस, तेव्हाच कळलं मला. सराव पेपरात 200 पैकी 112 आले म्हणून ना? ये, बस इथे. मार्कांचं नंतर बघू, आधी सीईटीचा पेपर नीट समजून घेऊ.

पीसीएमचे दोन पेपर, प्रत्येकी 90 मिनिटांचे. पहिल्यात फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे 50-50 प्रश्न, एकेका मार्काचे. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही नाही, जेमतेम 54 सेकंद. दुसऱ्यात फक्त मॅथ्स. प्रश्न 50च, पण प्रत्येकाला दोन मार्क. निम्मे मार्क एकट्या गणिताचे, बाळा! आणि तू रोज केमिस्ट्री घेऊन बसतेस, गणित मात्र रविवारवर ढकलतेस.

प्रत्येक विषयात साधारण 10 प्रश्न अकरावीचे, 40 बारावीचे. त्यामुळे बारावी पक्की हवीच, पण अकरावीची पुस्तकं माळ्यावर टाकू नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथे निगेटिव्ह मार्किंग नाही. माझ्या वेळी मी दुसऱ्या परीक्षांच्या धास्तीने बारा प्रश्न तसेच सोडून आले होते. चुकले असते तरी काहीच गेलं नसतं, हे घरी आल्यावर लक्षात आलं. तेव्हा कुणी शेजारी बसवून सांगितलं नव्हतं, म्हणून तुला सांगतेय. शेवटची पाच मिनिटं राखून ठेव आणि उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला एक पर्याय निवडूनच टाक.

आणि निकालात दिसतं ते पर्सेंटाइल, टक्के नव्हेत. 90 पर्सेंटाइल म्हणजे तुझ्या सत्रात बसलेल्या दर शंभरांतल्या नव्वदांचे मार्क तुझ्याइतके किंवा तुझ्याहून कमी. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, कुठला सोपा, कुठला अवघड, म्हणून ही पद्धत. पेपर अवघड गेला तर तो तुझ्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो. त्यामुळे नुसत्या 112 वरून तुझं काय होणार, हे आज कुणीच सांगू शकत नाही. तूही ठरवून मोकळी होऊ नकोस.

आज आधी पोटभर जेव. मग गणिताचे 50 प्रश्न काढ, घड्याळ मी लावते. 90 मिनिटं तुझ्याजवळच बसेन. उत्तरं किती बरोबर आली ते उद्या मोजू. आज फक्त एवढंच बघू, की एकही प्रश्न कोरा राहिला नाही.