धरणाखालचे पाणी आणि गळ

माझे बालपण गोमंतकात, एका खाडीच्या काठी गेले. तेथे भातशेतीच्या बांधाला लाकडी दार असते. त्यास आम्ही ‘मानस’ म्हणतो. ओहोटी लागली की ते उघडून आतले पाणी बाहेर पडते, भरती आली की आपोआप मिटते. पाण्याची ही वेळ ज्याला कळत नसे, तो गरी, म्हणजे तुमचा गळ, टाकून दिवसभर बसला तरी रिकाम्या हातांनीच घरी परते.

हे आठवण्याचे कारण गंडिपेठेची सहल. १९०८ च्या सप्टेंबरात मुशी नदीच्या महापुराने हैदराबादेत हाहाकार माजविला. त्यानंतर शहराच्या रक्षणासाठी उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) ही धरणे झाली. उस्मानसागराच्या भिंतीवर उभे असता एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, इंग्रजी गोष्टींतला तो ट्राउट मासा येथे का मिळत नाही?”

ट्राउट हा थंड पाण्यातला जीव. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर चढू लागले की त्याचा जीव घुसमटू लागतो, कारण पाणी जितके ऊन, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. म्हणूनच इंग्रजी अमदानीत तो आपल्या देशात आणला गेला, तेव्हा त्याला काश्मीर व निलगिरी येथील थंड ओढ्यांत सोडावे लागले. दख्खनच्या उन्हाळ्यात त्याचा निभाव लागणे कठीण.

परंतु उष्ण मुलुखातही त्याला घर मिळू शकते, आणि ते धरणामुळे! पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असते. त्यामुळे उन्हाळ्यात खोल जलाशयाचा वरचा थर तापून हलका होतो व वरच तरंगतो. तळाचे पाणी गारच राहते. विजेसाठी पाणी तळाजवळून सोडले, तर भर उन्हाळ्यात खालच्या नदीत पाय बधिर करणारा प्रवाह वाहतो. अमेरिकेतील आर्कन्सॉ राज्यात व्हाइट नदीवर १९५१ साली बुल शोल्स धरण पुरे झाले आणि त्याच्याखाली ट्राउट सोडण्यात आला. तेथील मासेमार पिसे व रेशमी दोरा गळाला गुंडाळून खोटी माशी बनवितात. तिला वजन असे नसतेच. म्हणून फेकायची असते ती जाड, जड दोरी, आणि माशी तिच्यामागून तरंगत जाते. ऋतूप्रमाणे माशीही बदलते. हिवाळ्यात चिलटाएवढी, वसंतात पाण्यातून उडणाऱ्या नाजूक कीटकांसारखी, उन्हाळ्यात काठावरून पडलेल्या नाकतोड्यासारखी. मात्र तेथे पंचांगाहून धरणाचे दरवाजे मोठे! विजेची मागणी वाढली की पाणी सुटते, नदी पाहता पाहता चढते, आणि भोंगा ऐकताच काठ न गाठणारा प्राणास मुकू शकतो.

येथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्या नदीत पूर्वी कोमट पाण्यात वाढणारे बास मासे होते. थंड प्रवाहाने ते तेथून हटले. ट्राउटला घर मिळाले ते दुसऱ्याचे घर मोडून.

आपल्याकडे त्या बासच्या जागी महासीर आहे. मुंबई इलाख्यातील लष्करी अधिकारी साइक्स याने १८३९ साली मुळा-मुठेतील महासीराचे वर्णन शास्त्रीय जगासमोर ठेवले. ‘खुद्री’ हे त्याचे शास्त्रीय नाव तेव्हापासूनचे. खळाळते पाणी हे त्याचे जीवन. पावसाळ्यात नदी फुगली की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्यांच्या, वाळूच्या तळावर अंडी घालतो. वाटेत भिंत आली की ही यात्रा तेथेच संपते. मग मनुष्याला दाईचे काम करावे लागते. लोणावळ्याच्या वळवण धरणाजवळ टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतर महासीराची कृत्रिम पैदास आरंभिली, आणि तेथली पिले निरनिराळ्या प्रांतांतील जलाशयांत पोहोचली. हे काम स्तुत्य खरेच. तथापि हौदात वाढविलेला मासा आणि पुरात वर चढणारा मासा यांत मला अंतर वाटते.

त्या दिवशी उस्मानसागराचे दरवाजे बंद होते. खाली मुशीच्या पात्रात खडक, झुडपे आणि एक उथळ डबके होते. हीच नदी शहरात पोहोचेतो सांडपाण्याने काळी होते. डबक्याकाठी दोन मुले बांबूची काठी व कणकेची गोळी घेऊन बसली होती. आमच्या वर्गातली अर्धी मुले त्यांच्याभोवती जमली. तासाभरात बोटाएवढा एक मासा लागला. मुलांनी तो पाहिला, हाताळला आणि परत पाण्यात सोडला.