गच्चीवरचे विमान

पंजाबात बियास आणि सतलज या नद्यांमधल्या प्रदेशाला दोआबा म्हणतात. जालंधर, होशियारपूर त्यातच येतात. तिथल्या गावांत घरांच्या गच्चीवर सिमेंटची विमाने, फुटबॉल, गरुड, ट्रॅक्टर दिसतात. बरेचसे म्हणजे पाण्याच्या टाक्या! कुठे रणगाडाही असतो, म्हणजे टँकच्या आकाराचा टँक. (हा विनोद आमच्या वर्गात आठवडाभर चालला.)

चालत्या बसमधून फोटो घ्यायचा तर शटर १/१००० सेकंदावर ठेवावे. उतरता आले तर उत्तमच. मागे लख्ख आकाश असले की कॅमेरा घर काळपट करतो, म्हणून एक्स्पोजर थोडे वाढवावे.

बहुतेक जण झूम करून नुसते विमान टिपतात. मला ते पटत नाही. घरातले कोणी कॅनडा-इंग्लंडला गेले म्हणून विमान बसते, सैन्यात असले तर रणगाडा. म्हणून खालचे दारही फोटोत हवे. कित्येक दारांना कुलूप असते.

कुलूप नसेल तर आधी परवानगी मागावी. एका आजोबांनी मला थेट गच्चीवर नेले आणि स्वतः पंखाखाली उभे राहिले. टाकी केवढी मोठी, ते त्यांच्यामुळेच फोटोत कळते. एक प्रत त्यांनी टोरांटोच्या मुलासाठी मागून घेतली.