कॅन्सरमध्ये मनाचा इलाज: काय फुकट, काय विकत

केमोच्या प्रत्येक सायकलचा हिशोब घरातल्या कुणातरी एकाच्या वहीत असतोच. औषधं, रक्ततपासण्या, गाडीभाडं, अगदी शहाळीसुद्धा. झोप उडाली, रडू आवरत नाही, रिपोर्ट यायच्या आदल्या दिवशी छातीत धडधडतं, यासाठी मात्र त्या वहीत रकाना नसतो. ‘तेवढं आता परवडायचं नाही’ हे विचारायच्या आधीच ठरलेलं असतं. प्रत्यक्षात कॅन्सरच्या एकूण खर्चात हा भाग फार लहान, आणि त्यातला बराचसा फुकट मिळतो. फक्त आपणहून तो कुणी हातात ठेवत नाही, मागून घ्यावा लागतो.

मागायचा तो आधी स्वतःच्या कॅन्सरतज्ज्ञाकडे. ‘कसं वाटतंय?’ला आपण सवयीने ‘बरं आहे’ म्हणतो आणि तपासणी दोन मिनिटांत संपते. त्याऐवजी आकडा सांगा. मनाचा त्रास शून्य ते दहा या पट्टीवर मोजायची पद्धत जगभरच्या कॅन्सर रुग्णालयांत आहे. चार किंवा त्याहून जास्त असेल तर नीट चौकशी व्हायला हवी असं तिथे मानतात. शिवाय कधी कधी दुखणं मनाचं नसतंच. केमोबरोबर दिलं जाणारं डेक्सामेथासोन झोप उडवतं, चिडचिड वाढवतं. ते सकाळी घेता येईल का, एवढं विचारायला पैसे पडत नाहीत. रक्त कमी असणं, थायरॉइड बिघडणं, न आवरलेली वेदना, यांतूनही उदासी येते. हे तपासल्याशिवाय समुपदेशनावर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

परळच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात मानसोपचाराचा आणि वैद्यकीय समाजसेवेचा विभाग आहे. डॉक्टरांनी फाईलवर तसं लिहून दिलं की तिथे जाता येतं. सोशल वर्कर पैशांच्या मदतीसाठीच असतो असा समज आहे. ‘आईला आजाराचं नाव सांगायचं की नाही’ यावरून घरात पेटलेलं भांडणही त्यांच्यापुढे मांडता येतं, आणि मांडावं. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटी, व्ही केअर, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्था रुग्णांना आधार देतात. पुण्यात वारज्याचं सिप्ला फाउंडेशनचं उपशामक (पॅलिएटिव्ह केअर) केंद्र पैसे घेत नाही, आणि तिथे जाणं म्हणजे शेवट जवळ आला असंही नाही. उपचार चालू असतानाही जाता येतं.

गावाकडे असाल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी पाहा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. तेवढंही जाणं जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास, मराठीतही, मोफत चालतो. जीव द्यावासा वाटत असेल तर शुल्काचा विचारच नको: हा नंबर लावा किंवा जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा, आणि माणसाला एकटं सोडू नका.

आता विकतचं. मुंबई-पुण्यात खासगी समुपदेशनाच्या एका बैठकीला साधारण १००० ते २५०० रुपये पडतात, लहान शहरात त्याच्या निम्मे किंवा कमी. मानसोपचारतज्ज्ञाची पहिली भेट महाग, पुढच्या स्वस्त. औषध डॉक्टरच लिहून देऊ शकतात, समुपदेशक किंवा सायकॉलॉजिस्ट नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारायला संकोचू नका. कॅन्सरच्या रुग्णांसोबत पूर्वी काम केलंय का, हा प्रश्न पदवीइतकाच महत्त्वाचा. दहा-बारा बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला नमस्कार करून निघावं. केमोनंतरच्या आठवड्यात अंथरुणातून उठवत नाही, तेव्हा बैठका बुडतात आणि पैसे गेलेले असतात. फोनवरची किंवा व्हिडिओवरची बैठक चालेल का, हे आधीच ठरवा. प्रवास वाचतो आणि कुणाचा तरी खाडाही वाचतो.

गोळ्यांचा खर्च लोक उगाच धरून बसतात. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात खूपच स्वस्त मिळतात. जपायचं ते वेगळंच आहे. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिनमुळे त्याचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला पूर्ण फाईल दाखवा, आणि मनाची गोळी चालू झाल्याचं कॅन्सरतज्ज्ञाला सांगा. दोन्हीकडे लपवणारे बरेच भेटतात. गोळी स्वतःहून बंद तर अजिबात करू नका.

विम्याचं म्हणाल तर मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यावं लागतं. पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात. समुपदेशनाचं बिल ओपीडीचा भाग घेतलेला असेल तरच. पॉलिसीचं ते पान एकदा वाचा.

प्रवासाचे पैसे मात्र नक्की वाचतात. उपचाराला किंवा फेरतपासणीला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि एसी थ्री-टियरमध्ये भाड्यात १०० टक्के सवलत आहे, सोबतच्या माणसाला तिथे ७५ टक्के. सवलतीचा ठराविक फॉर्म रुग्णालयातून डॉक्टरांच्या सहीनिशी भरून घ्या.

राहिला तो सोबत येणारा. नवरा, सून, मोठी मुलगी. फाईल धरून रांगेत उभं राहणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, आणि झोप त्याचीही गेलेली असते. रुग्णाच्या बैठकीत शेवटची पाच मिनिटं उधार मागून त्याचं भागत नाही. जिल्हा रुग्णालयात स्वतःच्या नावाने वेगळा केसपेपर काढावा, १४४१६ वर फोन करतानाही ‘रुग्ण मी नाही, पण’ असं म्हणत बसू नये. तो नंबर त्याच्यासाठीही आहे.