परसबागेतील बटाटा : गादीवाफा व गोणीतील लागवड

काळ्या भारी जमिनीत बटाटा नीट पोसत नाही, म्हणून अनेक शेतकरी घरापुरताही बटाटा लावत नाहीत. अशी जमीन ओली असता चिकट होते व वाळली की भेगाळते. कंद वेडेवाकडे होतात आणि भेगांतून ऊन व बटाट्यावरील पतंग आत शिरतात. बटाटा हे मूळ नसून जमिनीखालील खोडाचे फुगलेले टोक आहे. त्याला वीतभर मऊ, निचऱ्याची माती आणि थंड रात्री लागतात. माती आपण गादीवाफ्यात किंवा गोणीत तयार करू शकतो, थंडी मात्र नाही. म्हणून लागवडीची वेळ चुकवू नये.

हंगाम व बेणे : रब्बी लागवड ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी. रात्रीचे तापमान १५ ते २० अंश सेल्सिअस असताना कंद चांगले धरतात. उशिरा लावल्यास कंद पोसण्याच्या काळात ऊन वाढते, पाला माजतो आणि खाली गोळीएवढे बटाटे मिळतात. कुफरी लवकर किंवा कुफरी पुखराज या लवकर येणाऱ्या जातींचे खात्रीचे बेणे घ्यावे. बाजारातील खाण्याचा बटाटा लावू नये. त्यावर कोंब येऊ नयेत म्हणून प्रक्रिया केलेली असू शकते, शिवाय रोगाची खात्री नसते. ३० ते ५० ग्रॅमचे अखंड, कोंब फुटलेले बेणे उत्तम.

गादीवाफा : ३ मीटर लांब, १ मीटर रुंद व २५ सें.मी. उंच वाफा करावा. त्यात १० ते १२ किलो कुजलेले शेणखत, ११० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, ६० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश व ३० ग्रॅम युरिया मिसळावा. ४५ सें.मी. अंतरावर दोन ओळी व दोन बेण्यांत २५ सें.मी. अंतर ठेवल्यास २४ बेणी, म्हणजे सुमारे १ किलो बेणे पुरते. ते ७ ते ८ सें.मी. खोल लावावे. एक महिन्याने आणखी ३० ग्रॅम युरिया देऊन मातीची भर लावावी.

गोणी किंवा कुंडी : निदान ३५ सें.मी. खोल व तेवढेच रुंद भांडे घ्यावे. तळाला भोके पाडून विटांचे तुकडे घालावेत. कीटकनाशकांचे रिकामे डबे कितीही धुतले तरी वापरू नयेत. दोन भाग पोयटा माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण करावे. टोमॅटो, वांगी किंवा मिरची मर रोगाने गेली असेल त्या जागेची माती घेऊ नये. ही पिके बटाट्याच्याच कुळातील आहेत व तो रोग मातीतून येतो. गोणी निम्मी भरून दोन बेणी लावावीत. झाड वीतभर वाढले की शेंड्याची पाने उघडी ठेवून भर घालावी. असे दोन वेळा करावे. गोणी उंच भरत गेल्याने थरावर थर बटाटे लागतात, हा समज या लवकर येणाऱ्या जातींना लागू पडत नाही.

पाणी : माती ओलसर असावी, चिखल नको. बोट दोन पेरे खाली घालून कोरडे लागले तरच पाणी द्यावे. काढणीपूर्वी ८ ते १० दिवस पाणी तोडावे.

भर लावण्याचे महत्त्व : उघडा पडलेला बटाटा उजेडाने हिरवा होतो. त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते व ते शिजवूनही नाहीसे होत नाही. असे बटाटे लहान मुलांना तर नाहीच, कोणालाही खाऊ घालू नयेत व जनावरांनाही टाकू नयेत. दर आठवड्याला वाफा पाहून उघडे कंद मातीने झाकावेत. पतंगाची अळीही त्यामुळे कंदात शिरत नाही.

काढणी : ७५ ते ९० दिवसांत पाला पिवळा पडतो. पाला कापून आठ-दहा दिवसांनी, अंगठ्याने घासून साल सुटत नसेल तर काढणी करावी. बटाटे न धुता, अंधाऱ्या व हवेशीर जागी ठेवावेत.

ज्यांना पुढे शेतात बटाटा घ्यावयाचा आहे, त्यांनी आधी एक हंगाम असा वाफा करून पाहावा. आपल्या गावची थंडी या पिकाला पुरते का, हे एक किलो बेण्यात कळते.