विमानाच्या जमिनीत कागद असतो का?

प्रश्न : विमानतळावर काम करणाऱ्या माझ्या मावसभावाने सांगितले की, विमानात आपण ज्यावरून चालतो त्या फळ्यांच्या आत कागदाची जाळी असते. तो माझी फिरकी घेतो आहे का? आणि खरे असेल, तर एवढ्या माणसांच्या ओझ्याने ती फळी मोडत कशी नाही?

उत्तर : मावसभाऊ खरे तेच सांगतो आहे. ही फळी साधारण १० मिलिमीटर जाडीची असते. वर आणि खाली काचतंतूंचे किंवा कार्बनतंतूंचे, राळेत कडक झालेले दोन पातळ पापुद्रे, आणि मधे मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी. कापलेल्या तुकड्याची कड पाहिली की तपकिरी रंगाची, जेमतेम तीन मिलिमीटरची षट्कोनी घरे दिसतात. घरांच्या आत हवेशिवाय काही नाही. दोन पावांमध्ये सारण तसे हे, म्हणून या रचनेला सँडविच म्हणतात.

आधी कागदाची शंका फेडू. हा कागद वहीचा किंवा वर्तमानपत्राचा नव्हे. तो अ‍ॅरामिड नावाच्या कृत्रिम तंतूंचा असतो आणि नोमेक्स या नावाने ओळखला जातो. अग्निशामक दलाच्या पोशाखांतही हेच तंतू वापरतात, कारण ते वितळत नाहीत आणि सहजी पेटत नाहीत. त्याची जाळी कशी करतात, हे तुम्ही गणपतीच्या आराशीत पाहिलेलेच आहे. पतंगी कागदाचा तो चपटा तुकडा उघडला की जाळीदार गोळा होतो ना? इथेही तसेच. कागदांवर गोंदाच्या रेघा ओढायच्या, पुढच्या कागदावर त्या मधल्या जागी येतील अशा सरकवायच्या, थप्पी चिकटवायची आणि मग दोन्हीकडून ओढून उघडायची. उघडलेली जाळी राळेत बुडवून भट्टीत कडक करतात.

आता मुख्य कोडे. दोनशे पानी वही दोन्ही हातांनी धरून वाकवा. सहज वाकते, आणि कडेला पाहिले तर पाने एकमेकांवरून सरकलेली दिसतात. मग त्याच वहीच्या कडांना दोन-चार घट्ट चिमटे लावा आणि पुन्हा वाकवा. पाने तीच, वजन तेच, पण वही आता हट्टाने उभी राहते. पानांचे सरकणे थांबले, एवढाच फरक झाला.

कुठलीही फळी वाकते तेव्हा तिचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. मधला भाग जवळजवळ मोकळाच असतो. म्हणून दणकट पदार्थ वर आणि खाली ठेवायचा, मधे हलके काहीतरी. त्या हलक्या पदार्थाची कामे दोनच: पापुद्र्यांमधले अंतर राखणे आणि त्यांना एकमेकांवरून सरकू न देणे. या अंतराची किमया आकड्यांत पाहा. एका पत्र्याचे जाडीत दोन समान भाग केले आणि मधे मूळ पत्र्याएवढ्याच जाडीचा हलका गाभा घातला, तर ताठपणा सात पट होतो. गाभा तिप्पट जाड केला, तर ३७ पट. वजनात भर पडते ती फक्त गाभ्याची, आणि विमानाच्या आतल्या भिंतींसाठी सर्रास वापरली जाणारी जाळी घनमीटरला ४८ किलोच भरते. तेवढेच पाणी १००० किलो भरेल.

ताकद षट्कोनातच आहे, मधमाशांचे हे गुपित माणसाने चोरले, असे पुष्कळांना वाटते. षट्कोन सोयीचा आहे, पण अनिवार्य नाही. ब्रिटनमधले मॉस्किटो विमान २५ नोव्हेंबर १९४० रोजी प्रथम उडाले. त्याचे धड बर्च लाकडाच्या प्लायवूडचे होते आणि मधे बाल्सा हे अतिशय हलके लाकूड. फर्निचर करणाऱ्या कारागिरांनी त्याचे भाग जोडले. सुरुवातीला त्यासाठी दुधातल्या केसिनचा गोंद वापरत. दमट हवेत तो टिकेना, म्हणून पुढे कृत्रिम राळेचा गोंद आला. हा गोंद लक्षात ठेवा.

ओझ्याचे म्हणाल, तर खुर्च्या या फळ्यांवर उभ्या नसतातच. त्या धातूच्या रुळांवर बसवलेल्या असतात आणि रूळ खालच्या तुळयांवर. तुळया साधारण अर्ध्या मीटरवर एक. फळीला झेलायची ती चालणारी माणसे आणि खाण्यापिण्याची ट्रॉली. तिला खरा त्रास टोकदार वस्तूचा. पन्नास किलोची व्यक्ती चौरस सेंटिमीटरभर टाचेवर उभी राहिली, तर सगळा भार तेवढ्याच जागी उतरतो आणि पातळ पापुद्रा खाली दबू शकतो. म्हणून जमिनीसाठी भिंतींपेक्षा दाट जाळी घेतात.

मग एसटीत हे का नाही? कारण विमानात वाचवलेला प्रत्येक किलो प्रत्येक उड्डाणात इंधन वाचवतो आणि ही महागडी फळी आपली किंमत वसूल करते. बसला प्लायवूड बरे. ते कुठल्याही डेपोत कापून बसवता येते.

राहता राहिला गोंद. सँडविचचा जीव तिथे आहे. पापुद्रा गाभ्यापासून सुटला, की चिमटे काढलेल्या वहीसारखी गत होते. ६ मार्च २००५ रोजी क्यूबातल्या वाराडेरोहून कॅनडाला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ए३१० विमानाचे सँडविच रचनेचे सुकाणू हवेतच निखळले. वैमानिकांनी विमान परत वाराडेरोला सुखरूप उतरवले. ठरलेल्या तपासण्या असे सगळे दोष पकडायला अपुऱ्या होत्या, असे चौकशीत निघाले. अशा भागांची जुनी तपासणी म्हणजे माठ वाजवून घेतो तसे नाण्याने ठोकून पाहणे: चिकटलेली जागा खणखणीत वाजते, सुटलेली बद्द. आता ध्वनिलहरींची यंत्रेही वापरतात, आणि ती हवीतच. नुसत्या कानावर भिस्त ठेवणे मला पटत नाही.

खात्री करायची असेल, तर आंब्याच्या पेटीचा जाड पुठ्ठा घ्या. त्यातही वर-खाली सपाट कागद आणि मधे नागमोडी. तो रात्रभर पाण्यात भिजवा, म्हणजे खळ सुटून तिन्ही कागद वेगळे होतील. वाळल्यावर ते तसेच एकावर एक रचून त्यांवर डझनभर आंबे ठेवून बघा. कालपर्यंत हेच तीन कागद ते ओझे पेलत होते.