डोकं ठणकतं, म्हणजे मेंदूत गाठ?

प्रश्न : दोन वर्षांपासून महिन्यातून तीन-चारदा अर्धं डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड नकोसा होतो. हळद शिजवायच्या दिवसांत जास्तच. शेजारच्या गावात एकाच्या मेंदूत गाठ निघाली, तेव्हापासून झोप उडाली आहे. एमआरआय करावा का? – एक भगिनी, वसमत

उत्तर : ताई, दुखणं जितकं जोराचं तितका आजार मोठा, असं आपण धरून चालतो. डोक्याच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. मेंदूला स्वतःला वेदना कळतच नाहीत. म्हणून तर काही शस्त्रक्रिया रोगी जागा असताना होतात. दुखतात ती मेंदूवरची आवरणं, रक्तवाहिन्या, मानेचे स्नायू. गाठ बराच काळ गप्प राहू शकते. ती वाढून दाब आला की डोकं दुखतं, पण तोवर बहुधा इतर खुणाही दिसू लागतात.

तुमचं वर्णन अर्धशिशीचं वाटतं. ती 4 ते 72 तास छळते आणि मधल्या दिवसांत माणूस ठणठणीत असतो. हळदीच्या दिवसांत ऊन, धूर, लांबलेलं जेवण, कमी पाणी. तिला आणखी काय हवं? मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या मात्र मोजा. साधी वेदनाशामक गोळीही महिन्यातून 15 दिवस, अशी काही महिने घेतली, तर तीच डोकं दुखवू लागते.

आता ती शेजारची ‘गाठ’. आपल्याकडे अशी प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. काही क्षयाच्या असतात, काही डुकरातल्या पट्टकृमीच्या अळीच्या, आणि दोन्हींवर औषधं आहेत. कृमीची अंडी दूषित पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून, अस्वच्छ हातांतून पोटात जातात. बिचारा कोबी उगाच एकटा बदनाम झाला. या गाठीची पहिली खूण पुष्कळदा फिट असते.

दुखण्याची चाल बदलली तर मात्र थांबू नका : पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेलं, दिवसेंदिवस वाढणारं, पहाटे उलटीसह उठवणारं. क्षणात वीज कोसळल्यासारखं दुखलं, तापासोबत मान आखडली, फिट आली, हातपाय लुळे पडले, बोलणं किंवा नजर बिघडली, तर थेट 108.

तसं काही नसेल तर आधी डॉक्टरांना तपासू द्या. रक्तदाब, हातापायांची ताकद आणि डोळ्याचा मागचा पडदा पाहिला, की एमआरआयची गरज बहुतेकदा उरत नाही. शंका राहिलीच तर ते नांदेडला पाठवतील. तोवर भिंतीवरच्या कालनिर्णयात डोकं दुखलेल्या तारखेला फुली मारा, गोळी घेतली तर शेजारी टिंब. जाताना तेच पान सोबत न्या.